लाल खुणेच्या वर

६ जानेवारी

छोट्या,

ठरल्याप्रमाणे पत्र लिहितेय. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला मी फोन आपटते, म्हणून तूच म्हणालास ना, पत्र लिहू या, पत्र आपटता येत नाही. बघ बाबा, तुझा विश्वास दांडगा आहे. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून रोपवाटिकेत फेरी मारून आले.

बातमी अशी की पाणी समितीने पाणी मोजायची फीत माझ्या गळ्यात बांधली. सगळ्यात जास्त बोलते तिलाच काम द्या, असं अध्यक्ष म्हणाले आणि सगळे खो खो हसले. आपल्या शेडमागचं ते जुनं बोअर आठवतं ना, ज्याला कधीच धड पाणी लागलं नाही आणि ज्याच्यावर पंप नाही? ते आता गावाचं मोजणीचं बोअर आहे. दर रविवारी सकाळी आठला मी त्यात फीत सोडते. खाली पाण्याला टेकली की वर ती रिळाची पेटी पीं करून ओरडते. किती खोलीवर ओरडली ते लिहायचं, समितीच्या फळ्यावर लावायचं आणि तुझ्या ऑफिसला कळवायचं. म्हणजे इथे मी ओरड ऐकायची आणि तिथे तू रंग भरायचे.

फितीवर एके ठिकाणी लाल खूण आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पाणी त्या खुणेच्या खाली गेलेलं असलं, तर उन्हाळी पीक कोणीच घ्यायचं नाही आणि पंप एक दिवसाआड तासभरच चालवायचे. उरलेलं पाणी पिण्यासाठी, खालच्या वस्तीच्या हातपंपासाठी. हा नियम व्हावा म्हणून मी दोन वर्षं लोकांचं डोकं खाल्लंय, तुला माहीत आहे. "रोपवाटिकेलाही सूट नाही" हे वाक्य त्यात मीच घालायला लावलं. तेव्हा फार रुबाब वाटला होता. आता बसलेय लिंबाच्या कलमांकडे बघत. तीन वर्षं जिवापाड जपलीयत, येत्या पावसाळ्यात लावणीला द्यायची आहेत. एक दिवसाआड तासभर पाण्यात त्यांतली मूठभर जगतील.

आणि पाणी भराभर उतरतंय रे. काल खुणेच्या अगदी जवळ होतं. फीत वर ओढताना माझं तोंड बघून बाबा म्हणाले, "काय गं, कुणी गेलं का?"

ते बरे आहेत. गॅरेज बंद करून इथे आले खरे, पण हात स्वस्थ बसत नाहीत. बोअरच्या पाइपाला त्यांनी लोखंडी झाकण करून दिलंय, बिजागरी, कुलूप सगळं. तिजोरीवर शोभेल असं. किल्ली त्यांच्याच खिळ्याला असते आणि दर रविवारी माझ्याआधी तिथे जाऊन बिजागरीला तेल घालून ठेवतात.

लवकर लिही. उत्तराची वाट बघायला मला जमत नाही.

तुझी ताई

*

१४ जानेवारी

ताई,

नमस्कार वाकून केला असता, पण पाठ धरलीय. परत खोली बदलली. आधीच्या खोलीखाली पिठाची गिरणी होती, त्याच्या आधीच्या खोलीवर नाच शिकवायचे. ही शांत आहे, तर शांततेत झोप येत नाही. म्हातारा होत चाललोय बहुतेक.

तुझे आकडे माझ्याच टेबलावर येतात. भिंतीवर सगळ्या भागाचा नकाशा आहे. पाणी वर असलं की निळा, मध्ये असलं की पिवळा, खुणेखाली गेलं की लाल. या वर्षी लाल खडूच जास्त झिजलाय. तुमच्या आजूबाजूची गावं एकेक करून लाल होत आहेत. तुमचं अजून पिवळं आहे, पण मी काही तुला खोटा धीर देणार नाही.

मोजायच्या आदल्या संध्याकाळी जवळपासचे पंप बंद ठेवायला सांगत जा. पंप चालू असला की त्याच्या भोवतीचं पाणी खाली खेचलं जातं आणि आकडा उगाच वाईट येतो. तू हे करत असशीलच, तरी सांगतो. नाहीतर म्हणशील, ऑफिसात बसून नुसता पगार खातो.

बाबांचा परवा ऑफिसात फोन आला होता. माझ्या तब्येतीची चौकशी नाही, जेवलास का नाही. थेट विचारलं, "आकडा खाली गेला तर ताईचं काय होईल?" मी कामाच्या घाईत होतो. म्हटलं, "होणार काय, तिची कलमं जातील." मग काही बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कटला, म्हणून मीही ठेवला. त्यांना म्हणावं, काळजी करू नका. मी येतो एकदा. येतो येतो म्हणतोय हे माहीत आहे मला, तू लिहू नकोस.

छोट्या

*

३ फेब्रुवारी

अरे छोट्या, पाणी चढलं!

आधी बस आणि मग वाच. मागचे तीन रविवार पाणी वर आलेलं दिसतंय. मी कुणाला बोलले नाही, म्हटलं दृष्ट लागायची. तुलाही नुसते आकडे पाठवले. काल ठरलेला रविवार, सगळी समिती शेडमागे गोळा झालेली, अध्यक्ष हाताची घडी घालून उभे. फीत सोडली आणि लाल खूण पाइपाच्या तोंडाशी यायच्या कितीतरी आधीच पेटी ओरडली! पाणी खुणेच्या चांगलं कमरेएवढं वर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय केलं माहीत आहे? मी सगळ्यांच्या देखत रडले. मी! नंतर तोंड धुवायला पळाले.

अजून एक मजा. फीत वर ओढली तर तिचं टोक हाताला कोमट लागलं. सकाळी आठला, थंडीत, कोमट! मी अध्यक्षांना म्हटलं, हे वरवरचं पाणी नाही, हे खोलवरून येतंय, खाली कुठेतरी मोठा साठा फुटलाय. ते म्हणाले, "वा!" आणि पंधरा मिनिटांत उन्हाळी भाजीपाल्याला परवानगी देऊन मोकळे झाले. त्यांचं स्वतःचंच रान सगळ्यात मोठं आहे, ते सोड. मीही सावलीतली कलमं मोठ्या पिशव्यांत हलवायला काढली. हात चालतच राहतात, जेवायची शुद्ध नाही.

खुशीत विरजण एकच, ते म्हणजे बाबा. रविवारची डोक्यावरून अंघोळ करत नाहीत रे! रविवारी पहाटे मी बंबातलं कढत पाणी बादलीभर काढून देते, ते बादली घेऊन मागे जातात, थोड्या वेळाने रिकामी बादली घेऊन येतात, पण अंग कोरडं ठणठणीत. केस तसेच तेलकट. विचारलं तर म्हणतात, "झाली माझी अंघोळ." काल तर मी नाक धरलं त्यांच्यापुढे. रागावले नाहीत. उलट मी फितीशी नाचत होते ते बघून इतके हसले, इतके हसले की ठसका लागला. वय झालं की माणूस असं करतं का? तू विचार त्यांना. माझं ऐकत नाहीत.

आता तरी ये. आनंदाच्या घरात ये.

ताई

*

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा उठून खिडकीपाशी गेलो.

आधी गंमत सांगतो. कोमट पाण्याचं साहेबांच्या कानावर घातलं आणि पंचाईत झाली. साहेब खुर्चीतून उठले. "गरम पाण्याचा झरा असू शकतो!" म्हणाले. कपाटातली जाडजूड पुस्तकं काढली, दोन दिवस ऑफिसात दुसरा विषय नाही. तुमच्या गावाला भेट द्यायचं ठरतंय. चहावाला मला विचारतो, तुमच्या ताईंच्या घरात आता सोनं निघणार का.

पण मला झोप नाही. ताई, तुमच्या चारही बाजूंची बोअरं उतरतायत. एकही थांबलेलं नाही. त्यांच्या मधोमध तुमचं एकटं चढतंय. पाऊस नाही, कुठे कालवा सुटलेला नाही. जमिनीखालचं पाणी असं एकाच्या अंगणात उभं राहत नाही गं. मी तुमच्या गावाला रंगच दिलेला नाही. निळा द्यायला हात जात नाही आणि लाल देऊ कशाच्या जोरावर? तेवढा तुकडा पांढरा सोडलाय, सगळ्या नकाशात तोच डोळ्यांत खुपतो.

म्हणून विचारतो, चिडू नकोस. फीत तूच सोडतेस ना? आकडा वाचताना तुझ्याबरोबर दुसरं कुणी असतं का दर वेळी? कलमांचं तुझ्यासाठी काय आहे ते मला माहीत आहे. माणसाचा डोळा कधीकधी त्याला हवं ते वाचतो. बाकी मी काही म्हणत नाही.

बाबांना थंडी वाजत असेल. न्हाणीघराच्या दाराला फट आहे ती बुजव.

छोट्या

*

१५ फेब्रुवारी

तुझं पत्र फाडलं. मग चिकटवलं, कारण पुरावा हवा.

"बाकी मी काही म्हणत नाही" असं लिहून सगळं म्हणून झालं की तुझं. मी खोटा आकडा लिहीन? ज्या बाईने स्वतःची रोपवाटिका स्वतःच्या तोंडाने नियमात घातली, ती? कलमांसाठी खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच गप्प बसले असते की, एवढी अक्कल मला आहे. लोकांनी विचारलं असतं तर हसून सोडलं असतं. तू विचारलंस. मी तुला सायकल शिकवली, तुझ्या परीक्षेच्या वेळी तुझ्याबरोबर जागले आणि तू मला विचारतोस, फीत तूच सोडतेस ना!

पुढच्या रविवारी सगळी समिती समोर उभी करून मोजते. शाळेच्या बाईंना आकडा मोठ्याने वाचायला लावते. मग पाठव तुझ्या साहेबांना आणि भर तो पांढरा तुकडा, तुला पाहिजे त्या रंगाने.

न्हाणीघराच्या दाराला फट नाही. इथे येऊन बघितलं असतंस तर माहीत असतं.

ताई

*

४ मार्च

ताई,

चुकलं. शाळेच्या बाईंच्या सहीचा आकडा आला. तू खोटं लिहीत नाहीस हे मला तो येण्याआधीही माहीत होतं, तरी हातून लिहिलं गेलं. तू मला हवं तेवढं बोल, फोनवर बोल, आपट.

पण ताई, त्याच दिवशी दुसरा एक कागदही टेबलावर आला. तुमच्या खालच्या वस्तीचा हातपंप आटला. बायका टेकडीपलीकडून पाणी आणतात असं लिहिलंय. तुला हे कळलं होतं का? कळलं असेल तर तू लिहिलं का नाहीस? कळलं नसेल तर तुझं लक्ष कुठे होतं? हे टोमणे नाहीत. मला खरंच समजत नाहीये. तुझ्या अंगणात पाणी कमरेएवढं वर आणि तिथून हाकेच्या अंतरावर, उतारावर, हातपंप कोरडा. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत.

मी टेबलावर कोपरं टेकून विचार करत बसलो आणि एक सुचलं. मोजणी नेहमी रविवारीच होते, सगळ्या गावाला वार आणि वेळ माहीत आहे. एकदा वेगळ्याच दिवशी मोज. बुधवारी मोज, दुपारी. कुणालाही न सांगता. घरातही बोलू नकोस.

साहेबांची भेट मी कशीबशी पुढे ढकललीय. म्हटलं, गाडी बिघडलीय. गाडी खरोखरच बिघडलेली असते नेहमी, म्हणून त्यांना पटलं.

छोट्या

*

१७ मार्च

छोट्या,

बुधवारी मोजलं. बाबा दुकानात गेले होते तेव्हा खिळ्यावरची किल्ली काढली. फीत सोडली. लाल खूण पाइपात गेली तरी पेटी गप्प. मी सोडतेय, सोडतेय, ती गप्प. मला वाटलं बॅटरी संपली. मग ओरडली, किती खाली ते सांगायलाच नको, आकडा सोबत पाठवलाय. मी तिथेच जमिनीवर बसले. फीत गार होती.

हातपंपाचं मला कळलं होतं. मीच सगळ्यांना सांगत सुटले होते की आमच्या बोअरला पाणी चढतंय, तुमच्या पंपाचा वायसर गेला असेल. त्या बायकांना मी तोंडावर हे सांगितलं रे. त्या हंडे उचलून गेल्या.

काल रविवार. पहाटे नेहमीप्रमाणे बंबातलं पाणी बाबांना काढून दिलं आणि मी आडोशाने शेडमध्ये जाऊन उभी राहिले. उजाडत होतं. बाबा आले. बादली खाली ठेवली. बिजागरीला तेल घातलं, झाकण उघडलं. सदऱ्याखालून गॅरेजातलं जुनं नरसाळं काढलं, पाइपात बसवलं आणि सगळी बादली हळूहळू आत ओतली. सांडलं नाही एक थेंब. मग पाइपाला कान लावून ऐकत राहिले. चेहरा असा की जणू इंजिन सुरू होतंय का ते बघतायत.

मी "बाबा!" म्हणून ओरडले तर दचकून नरसाळं पडलं.

"काय करताय हे?"

"पाणी घालतोय," म्हणाले. "कमी झालंय ना."

"अहो, कमी झालंय म्हणून कुणी वरून पाणी घालतं का?"

"मग कुठून घालतात? रेडिएटरचं पाणी कमी झालं तर मी चाळीस वर्षं वरूनच घातलं. गाडी चालली."

"आणि कढत का?"

"गार पाणी एकदम टाकलं की धातूला तडा जातो," म्हणाले. मला शिकवतात! मग खाली मान घालून म्हणाले, "हे माझ्या अंघोळीचं पाणी आहे. तुझं नाही घेतलं. गावाचं नाही घेतलं. एक दिवस अंघोळ नाही केली तर काय बिघडतं? आकडा वर आला की तू हसतेस. तो छोट्या म्हणाला, आकडा खाली गेला तर तुझी कलमं जातील. मग मी काय बघत बसू?"

मला ओरडायचं होतं. त्याऐवजी पडलेलं नरसाळं उचललं. तेलकट केस, हातात बादली, आणि मी त्यांच्यासमोर महिनाभर नाक धरून फिरत होते.

गावाने उन्हाळी भाजीपाला लावलाय त्या आकड्यावर. पंप दिवसभर चालू आहेत. माझाही चालू आहे. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला निघते, फाटकापर्यंत जाते, परत येते. काय सांगू? माझ्या वडिलांनी गावाला फसवलं? त्यांनी फसवलं नाही रे, पण लोक तेच म्हणतील. तू शिकलेला आहेस. काहीतरी वाट काढ. मला तर काही सुधरत नाही.

ताई

*

२२ मार्च

ताई,

वाचून आधी हसलो. ऑफिसात, एकटाच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग हसणं कुठल्या कुठे गेलं.

ते बोअर जुनं, अरुंद, आतून गाळाने लिंपलेलं. त्यात एक बादली म्हणजे कमरेएवढं पाणी उभं राहणार आणि लगेच जिरणारही नाही, तास दोन तास तसंच राहणार. तुझ्या आठच्या मोजणीपुरतं पुरे. मला हे सुचायला हवं होतं. मी गरम झऱ्याची पुस्तकं बघत होतो आणि फोनवर त्यांनी मला स्वतःच विचारलं होतं. "तिची कलमं जातील" म्हणून मीच फोन ठेवला. एक वाक्य जास्त बोललो असतो, तर?

वाट म्हणशील तर एक आहे. मी इथून समितीला लिहितो की फितीची पेटी बिघडली होती, जानेवारीपासूनचे आकडे रद्द, नवी पेटी पाठवतो. पत्र तयार आहे, फक्त सही बाकी आहे. बाबांचं नाव कुठेच येणार नाही, तुझंही नाही. पंप बंद होतील, हातपंपाला जे मिळायचं ते मिळेल. कुणाला काही कळणार नाही.

पण तुझ्यापासून काय लपवू, सही करताना पेन थांबतं. पेटी खोटी म्हटली की उद्या प्रत्येक जण म्हणेल, आमच्याही वेळी पेटी बिघडली असेल. पाणी खुणेखाली गेलं की पेटी बिघडलेलीच असेल. तू दोन वर्षं डोकं खाऊन लोकांना त्या फितीवर विश्वास ठेवायला लावलंस, तो विश्वास मी एका कागदाने घालवीन. आणि दुसऱ्या बाजूला बाबा आहेत. या वयात त्यांना भर सभेत उभं करायचं, लोकांनी बोट दाखवायचं, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

तू सांग. तू म्हणशील तर सही करतो आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलणार नाही. लवकर सांग, मी इथे खोलीभर फेऱ्या मारतोय, खालचे लोक वर येऊन विचारून गेले.

छोट्या

*

६ एप्रिल

छोट्या,

हे पत्र मी लिहीत आहे, तुझा बाप. अक्षर लावून वाच.

तुझं ताईला आलेलं पत्र मी फोडलं. ती पंपावर होती. पाकीट तिच्या नावाचं होतं हे मला दिसलं होतं, तरी फोडलं. पाच दिवस ती बोलत नव्हती, जेवत नव्हती, नुसती फाटकापर्यंत जायची आणि यायची. मला बघवेना.

यंत्र बिघडलं म्हणून कळवायचं, हे वाचलं. ते मला पटलं नाही. गॅरेजात मी आयुष्यभर लोकांना सांगितलं की गाडीला शिव्या देऊ नका, गाडीचा दोष नाही, चालवणाऱ्याचा आहे. आता माझ्यावर आलं तर मशीनला दोष देऊ का? पेटी मी स्वतः उघडून बघितली. एकदम धड आहे.

शाळेत समिती बसते. पोरांच्या बाकांवर माणसं बसतात, गुडघे वर येतात. मी नरसाळं घेऊन गेलो. ताईला माहीत नव्हतं. मी उभा राहून सांगितलं की पाणी चढलं नव्हतं, मी ओतत होतो, बादली माझी, पोरीला काही ठाऊक नव्हतं. आधी सगळे हसले. फार हसले. नंतर त्यांच्या लक्षात आलं आणि खोली पेटली. अध्यक्ष टेबलावर हात आपटत होते, माझं रान, माझं बियाणं, म्हणत होते. एक जण म्हणाला, म्हातारा बापलेकीचं नाटक करतोय. त्यावर ताई उठली, तर मी तिला हाताने बसवलं.

मग खालच्या वस्तीतली एक बाई बोलली. ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, ती बादली आमच्याकडे आणून दिली असती तर माझी एक खेप वाचली असती." एवढंच. याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

त्यानंतर ताई उठून बाहेर गेली. मला वाटलं रागाने गेली. ती घरी गेली, स्वतःचा पंप बंद केला आणि परत येऊन दार धरून उभी राहिली. म्हणाली, "माझा बंद करून आले, आता बोला." त्या संध्याकाळी पंपांचे आवाज एकेक करून थांबले. अध्यक्षांचा सगळ्यात शेवटी, पण थांबला. भाजीपाला अर्धा सोडून दिला लोकांनी. माझ्याशी काही जण बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

हातपंपाला अजून पाणी नाही. ताईने समितीचा टँकर वस्तीत लावून दिलाय आणि दारोदार जाऊन त्या वायसरच्या बोलण्याबद्दल माफी मागून आली. मी मागे चाललो होतो, बादली घेऊन.

कलमं गेली. तीन वर्षांची होती, तुला माहीत आहे. ताईने दोन ओळी ठेवल्या, बाकीच्यांचं पाणी तिनेच तोडलं. तोडताना मला म्हणाली, आत जा. मी गेलो नाही. त्या दोन ओळींच्या मध्ये स्टूल टाकून मी आता रोज अंघोळ करतो. पाणी आळ्यात जातं. साबण लावू देत नाही ती. रस्त्यावरून जाणारे हसतात, हसू देत. केस स्वच्छ आहेत.

आज रविवार. तिच्याबरोबर मीही फितीशी उभा होतो. पेटी फार खाली ओरडली. तिचं तोंड पडलं. मला वाटलं काहीतरी करावं, हात शिवशिवले, पण नुसता उभा राहिलो. मग तिने आकडा मोठ्याने वाचला आणि मी फळ्यावर लिहिला.

तुझ्या नकाशात आमचं गाव पांढरं राहिलंय असं ताईने सांगितलं. लाल रंगव. आणि ये आता.

बाबा